घरच्या लेथसाठी पार्टिंग टूल: कुठलं घ्यावं, कुठलं टाळावं

पार्टिंग टूल म्हणजे लेथवर फिरणाऱ्या बारमधून तयार भाग कापून वेगळा करणारं टूल. निवाडा आधीच सांगते, कारण टूल मागवायच्या घाईत असलेल्यांना तेवढंच हवं असतं. छोट्या लेथसाठी एकच पार्टिंग टूल घ्यायचं असेल तर १.६ मिमी रुंदीचं एचएसएस (हाय स्पीड स्टील) पातं घ्या आणि त्याच पात्याच्या आकाराचा होल्डर घ्या. दुसऱ्याचीही सोय होत असेल तर २ मिमी इन्सर्टचं (बदलता येणाऱ्या कार्बाइडच्या तुकड्याचं) टूल घ्या. स्टीलमध्ये ते पात्याच्या बरंच पुढे आहे. ३ मिमीच्या वाटेला जाऊ नका. आणि यातलं काहीही मागवण्याआधी क्रॉस स्लाइडचा (टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाचा) गिब, म्हणजे ढिलाई काढायची पट्टी, तपासा, कारण ढिल्या मशीनवर कितीही महागडं टूल लावलं तरी ते जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, घुसतं.

माझं लेथ १८० मिमी स्विंगचं (म्हणजे एवढ्या व्यासापर्यंतचा जॉब फिरवता येणारं), टेबलावर मावणारं. त्यावर मी जुन्या शिलाई मशीनचे बाजारात न मिळणारे भाग करते: नीडल बारचे ब्रॉन्झ बुश, टेन्शनचे पितळी नट, बॉबिन वाइंडरच्या पिना, प्रेसर फूटचे स्क्रू. म्हणजे व्यास बहुतेक ६ ते २५ मिमी, आणि माल पितळ, फॉस्फर ब्रॉन्झ, ईएन१ए (सहज कापलं जाणारं सौम्य स्टील), ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील), क्वचित ३०४ स्टेनलेस. हॅकसॉने कापून मग फेसिंग करा (तोंड लेथवर सपाट करा), असा सल्ला बरेच जण देतात. एखाद्या बुशपुरता तो ठीक आहे. पण एकसारखे नट करायचे असतील तर दर वेळी जॉब उलटा धरावा लागतो, आणि ४ मिमी जाडीचा नट चकमध्ये (जॉब धरून फिरवणाऱ्या जबड्यांत) सरळ धरणं हेच एक वेगळं काम होऊन बसतं. पार्टिंग स्वच्छ झालं की तो नट थेट डबीत जातो. म्हणून या टूलबद्दल मी इतकी चोखंदळ आहे.

टूलची तुलना करताना बहुतेक लोक धार किती टिकते ते विचारतात. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: चिप, म्हणजे कापून निघालेला धातू, जाते कुठे? टर्निंग करताना चिपला मोकळी जागा असते. पार्टिंगमध्ये तिला टूलनेच पाडलेल्या अरुंद खाचेतून बाहेर यायचं असतं, आणि कापली जाताना ती जाड होते, किंचित पसरतेही. खाच २ मिमीची आणि चिपही तेवढीच रुंद, मग ती दोन्ही भिंतींना घासत वर येते. एखादी चिप अडकली की तिच्यामागे दुसरी, आणि पात्याला बाजूला सरायला जागाच नसते.

त्यात छोट्या लेथचा लवचिकपणा. समोरच्या टूलपोस्टवर लावलेल्या टूलला कट खाली दाबतो. टूलपोस्ट, टॉप स्लाइड, क्रॉस स्लाइड अशी सगळी उतरंड पुढच्या बाजूला किंचित झुकते, आणि टूलचं टोक खाली जाता जाता जॉबच्या दिशेनेही सरकतं. कट आपोआप खोल होतो, जोर वाढतो, टोक आणखी आत जातं. टूल घुसलं म्हणतात ते हेच. मग पातं मोडतं, नाहीतर जॉब चकमधून उडतो. काही छोट्या लेथच्या हेडस्टॉकमध्ये (चक फिरवणाऱ्या पेटीत) नायलॉनचे गिअर असतात, तिथे दात जातात. कापायचा जोर टूलच्या रुंदीप्रमाणे वाढतो. ३ मिमीच्या टूलला १.६ मिमीच्या जवळजवळ दुप्पट जोर लागतो. मोठ्या कारखान्यातल्या लेथला तो फरक जाणवत नाही, आपल्याला जाणवतो. ३ मिमी नको म्हणते ते यासाठी.

आता एकेक टूल.

८ मिमीच्या चौकोनी एचएसएस बिटमधून ग्राइंडरवर स्वतः घडवलेलं टूल हे सगळ्यात जुनं आणि अजूनही कामाचं. पुढचं पातं आखूड ठेवता येतं, मागे पूर्ण ८ मिमीचा ठोकळा असतो, त्यामुळे ताठपणाला तोड नाही. १० ते १२ मिमी व्यासापर्यंतच्या पितळी पिना मी यानेच कापते. दोन्ही बाजूंना खालपर्यंत आणि मागपर्यंत दीडेक अंशाचा उतार द्यावा लागतो आणि तो दोन्हीकडे सारखा हवा. एवढं हाताला जमत असेल तर पहिले काही महिने दुसरं काही न घेताही निभावतं.

एचएसएस पातं म्हणजे लांब पट्टी. होल्डरमध्ये पुढेमागे सरकवायची, धार गेली की फक्त पुढचं तोंड घासायचं आणि पुन्हा लावायची. १.६ मिमी रुंदीची साधारण १२ ते १३ मिमी उंचीची पट्टी आपल्या कामाला पुरते. एम२ एचएसएसची पट्टी चांगलीच असते. ५ टक्के कोबाल्टची एम३५ मिळाली तर स्टीलमध्ये धार थोडी जास्त टिकते, पण केवळ त्यासाठी अडून बसू नये.

खरेदीत लोक फसतात ते पात्याच्या छेदामुळे. यात तीन जाती आहेत. एक टी आकाराची: वरची कड रुंद, खालचं अंग बारीक. दुसरी वरून खाली निमुळती होत जाणारी. तिसरी दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेली. तिघींचा हेतू एकच, की खाचेत पात्याचं अंग भिंतीला घासू नये. पण होल्डरमधली खाच प्रत्येकीसाठी वेगळी असते. निमुळतं पातं सरळ खाचेच्या होल्डरमध्ये धरलं की ते एका बाजूला कलतं. एका बाजूला गरजेपेक्षा जास्त मोकळीक, दुसऱ्या बाजूला अजिबात नाही. मग कट तिरका जातो, जॉबचं तोंड बशीसारखं खोलगट निघतं, आणि दोष पात्याच्या पोलादाला दिला जातो. विक्रीच्या वर्णनात पात्याचा छेद कुणीच लिहीत नाही याचा मला मनापासून राग येतो. फोटोत पट्टीचं टोक समोरून दिसत नसेल तर विक्रेत्याकडून तो फोटो मागून घ्या आणि मगच मागवा. शक्य असेल तर पातं आणि होल्डर एकाच ठिकाणचे जोडीने घ्या.

होल्डरमध्ये आणखी एक फरक आहे. काही होल्डर पात्याला पुढून थोडं वर उचलून धरतात, म्हणजे वरच्या बाजूला आपोआप रेक, म्हणजे धारेमागचा उतार, मिळतो. स्टीलला तो आवडतो. पण पातं जरा बाहेर काढलं की टोकाची उंची बदलते, आणि प्रत्येक वेळी सेंटर (चकच्या अक्षाची उंची) पुन्हा जुळवावं लागतं. आडवं धरणाऱ्या होल्डरमध्ये पातं कितीही सरकवा, उंची तीच राहते. शिवाय पितळेला शून्य रेकच हवा. रेक दिला तर पितळ टूलला स्वतःकडे ओढून घेतं. माझं अर्धं काम पितळ आणि ब्रॉन्झचं, म्हणून मी आडवाच घेतला. तुमचं काम मुख्यतः एमएस (माइल्ड स्टील) असेल तर उचललेल्या होल्डरचा विचार जरूर करा.

या पात्याला चिप मोडायची किंवा दुमडायची सोय मुळात नसते. पितळेत काही अडत नाही, कारण पितळ दाणेदार तुटतं आणि आपसूक खाली पडतं. ईएन१एमध्येही ठीक. ईएन८च्या २० मिमी बारमध्ये मात्र सतत ब्रशने कटिंग ऑइल द्यावं लागतं आणि कान सावध ठेवावे लागतात. वरच्या कडेला बारीक खाच घासून चिप वळवायची युक्ती चालते, पण पातं तिथे कमजोर होतं आणि दर धारेला ती खाच नव्याने घासावी लागते. मी ती करत नाही.

इन्सर्टच्या टूलचं खरं कौतुक इथे आहे. २ मिमी इन्सर्टच्या तोंडावर मधोमध खोलगट घडण असते. चिप तिच्यावरून जाताना मधे दुमडते आणि खाचेपेक्षा अरुंद होऊन घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळत बाहेर येते. भिंतीला घासतच नाही. ईएन८मध्ये ती गुंडाळी पहिल्यांदा सुटून ट्रेमध्ये पडताना पाहिली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. कार्बाइड कठीण असतं, जास्त वेग सोसतं, हे सगळं खरंच. पण घरच्या कामात त्याचा मोठा फायदा कठीणपणाचा नाही, या दुमडलेल्या चिपचा आहे.

इन्सर्टच्या टूलमध्येही दोन घराणी. पहिलं स्क्रूने आवळायचं, चौकोनी दांड्याचं. एमजीईएचआर १२१२-२ असा नंबर बहुतेकांच्या डोळ्यांखालून गेला असेल: १२१२ म्हणजे दांडा १२ बाय १२ मिमी, शेवटचा २ म्हणजे इन्सर्टची रुंदी. यात एमजीएमएन २०० इन्सर्ट बसतं. त्याला दोन्ही टोकांना धार असते, एक गेली की फिरवून दुसरी. दांडा नेहमीच्या टूल होल्डरमध्ये थेट बसतो, वेगळा ब्लॉक लागत नाही, ही छोट्या लेथसाठी मोठी सोय. मर्यादा खोलीची. इन्सर्ट १६ मिमी लांब आणि मागच्या टोकाची धारही तेवढीच रुंद, त्यामुळे त्याहून खोल जाता येत नाही, आणि होल्डरची स्वतःची मर्यादा त्याच्याही आत असते. मागवताना ती कॅटलॉगात पाहा. २० मिमीचा भरीव बार म्हणजे १० मिमी खोली, तेवढ्याला हे टूल निवांत पुरतं. माझ्याकडे हेच आहे आणि स्टीलची बहुतेक कामं यावरच होतात. ग्रूव्हही याच टूलने निघतात, सर्क्लिपच्या (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंग रिंगच्या) खाचांसाठी मी एमजीएमएन १५० आणि त्याचा वेगळा होल्डर ठेवते.

दुसरं घराणं उंच पात्याचं, ज्यात इन्सर्ट नुसतं दाबून बसवायचं, स्क्रू नाही. पात्याच्या चिरेचा स्प्रिंगसारखा दाबच त्याला धरून ठेवतो, आणि काढायला खास किल्ली लागते. इन्सर्टला एकच धार, त्यामुळे खोलीला इन्सर्टची अडचण येत नाही. पातं बाहेर काढाल तितकं खोल. डोक्यावर क्लॅम्प नसल्याने चिपला वाटही जास्त मोकळी. पण ही पाती २६ किंवा ३२ मिमी उंच असतात आणि त्यांचा ब्लॉक त्याहून मोठा. टॉप स्लाइडच्या माथ्यापासून सेंटरपर्यंत किती जागा आहे ते मोजल्याशिवाय हे मागवू नका. १८० मिमी स्विंगच्या अनेक मशीनवर तो ब्लॉक खाली उतरतच नाही, टोक सेंटरच्या वरच राहतं. शिवाय टूल घुसलं आणि इन्सर्टची बैठक बिघडली तर अख्खं पातं बाद. एचएसएसचं पातं अशा वेळी पुन्हा घासून उभं राहतं. २५० मिमी स्विंग आणि त्यापुढच्या लेथवर मी बेलाशक याची शिफारस करीन, आपल्या टेबलावरच्या मशीनसाठी नाही.

ब्रेझ केलेल्या कार्बाइड टिपचं पार्टिंग टूल तयार संचांमध्ये हमखास असतं. ते घेऊ नका. टिपला चिप दुमडायची घडण नसते, ती घासायला हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं किंवा डायमंड चाक लागतं, आणि थोड्याशा धक्क्याने कोपरा उडतो. एचएसएसचे तोटे आणि कार्बाइडचे तोटे दोन्ही एकाच टूलमध्ये गोळा झाले आहेत.

कुठलंही टूल लावा, बसवण्याच्या गोष्टी त्याच आहेत आणि त्यांना पर्याय नाही. टोक नेमकं सेंटरवर हवं. खाली राहिलं तर मधे बोंडी उरते आणि शेवटी जॉब टूलवर चढू बघतो, वर राहिलं तर धारेखालचा भाग घासतो आणि टूल कापायचंच थांबतं. ०.१ मिमीच्या आत आणा. पातं जॉबला काटकोनात आहे का ते डायल गेज पात्याच्या बाजूवर टेकवून क्रॉस स्लाइड फिरवून बघा. घाईत असाल तर पातं चकच्या तोंडाला समांतर दिसतंय ना एवढं तरी बघा. पातं गरजेपेक्षा मिलिमीटरभरच जास्त बाहेर काढा. बाहेर काढलेली लांबी रुंदीच्या आठपटीच्या पुढे गेली की चॅटर (टूलची थरथर) सुरू होतो, म्हणजे १.६ मिमीच्या पात्याला साधारण १३ मिमी. त्यापेक्षा खोल कापावं लागेल इतका जाड बार असेल तर आधी बाहेरून थोडं कापा, मग पातं पुढे काढा. कॅरेज (लेथच्या लांबीवर सरकणारा, टूल वाहणारा भाग) लॉक करा, टॉप स्लाइडचा गिब आवळून टाका, आणि कट चकच्या जितका जवळ घेता येईल तितका घ्या. टेलस्टॉकचं (दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाचं) टोकदार सेंटर लावून आरपार पार्टिंग कधीही करू नका. शेवटच्या क्षणी जॉब दोन्हीकडून अडकतो आणि पात्यावर वाकतो. बुशला आधीच भोक असेल तर टेलस्टॉकच्या ड्रिल चकमध्ये बारीक गज धरून तो भोकात सैल राहील असा सरकवून ठेवावा, सुटलेला बुश त्यावर अलगद येतो. हात पुढे करायची गरज पडत नाही, आणि करायचाही नसतो.

वेगाबद्दल एवढंच: एचएसएसला एमएसमध्ये मिनिटाला १५ ते २० मीटर. २० मिमी बारला २० मीटर धरले तर सुमारे ३२० आरपीएम होतात, मी ३०० ठेवते. इन्सर्टला ५० ते ८० मीटर, म्हणजे त्याच बारला ८०० ते १,२५० आरपीएम. घरच्या मशीनवर मी ८००च्या आसपास थांबते. टूल आत जाईल तसा व्यास घटतो आणि कापायचा वेगही, मध्यावर तो शून्य. इन्सर्टला हे सोसत नाही. शेवटच्या दोनेक मिलिमीटरमध्ये फीड (टूल आत सरकवण्याचा वेग) कमी करावा, नाहीतर मधली बोंडी तुटताना इन्सर्टचा कोपरा जातो. मशीनला उच्च आणि नीच असे दोन गिअर असतील तर एचएसएससाठी नीच गिअर लावा. नुसत्या रेग्युलेटरने वेग उतरवला की मोटर दमते.

फीडचं मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण भीतीने हळू केलेलं पार्टिंग हेच बहुतेक वेळा बिघडतं. ३०० आरपीएमला फेऱ्यामागे ०.०४ मिमी धरले तर मिनिटाला १२ मिमी. हँडलचा एक फेरा १ मिमीचा असेल तर तो ५ सेकंदांत फिरायला हवा, आणि २० मिमीचा बार ५० सेकंदांत सुटतो. हातात घड्याळ नको, पण हा ठेका एकदा मनात बसवून घ्या. त्याहून हळू गेलात तर धार कापत नाही, घासते, आणि तिथूनच तो किंचाळल्यासारखा आवाज येतो. तेव्हा बहुतेक जण आणखी हळू होतात. उलट फीड थोडा वाढवा किंवा आरपीएम उतरवा. ३०४ स्टेनलेसमध्ये तर घासणं म्हणजे संकटच. घासलेला थर तिथल्या तिथे कडक होतो आणि पुढची धार त्याच थरावर जाते. स्टेनलेस पार्टिंग मी फक्त इन्सर्टवर करते, भरपूर तेल देऊन, आणि एकदा सुरू केलं की मधे थांबत नाही. पितळ कोरडंच कापा. अॅल्युमिनियमला रॉकेलचे थेंब पुरेत, नाहीतर ते धारेला चिकटतं आणि खाच भरून जाते.

इतकं करूनही मशीन दाद देत नसेल तर टूल बदलण्याआधी जागा बदलून बघा. क्रॉस स्लाइडच्या मागच्या बाजूला टूलपोस्ट बसवून पातं उलटं, धार खाली करून लावायचं, आणि चक नेहमीच्याच दिशेला फिरवायचं. आता कट टूलला वर ढकलतो. झुकलंच तर टोक जॉबपासून दूर जातं, आत शिरत नाही. जॉबही स्पिंडलला खाली, बेअरिंगच्या भक्कम बाजूवर दाबतो. आणि चिप खाचेतून आपल्या वजनाने खाली पडते. छोट्या लेथवर ज्यांनी हे केलं ते सहसा परत समोर येत नाहीत. अडचण अशी की टी-स्लॉट असलेली लांब क्रॉस स्लाइड सगळ्या मशीनवर नसते, मग भोकं पाडून पोस्ट बोल्ट करावा लागतो. समोरच्याच टूलपोस्टवर टूल उलटं लावून चक उलट दिशेने फिरवण्याचा शॉर्टकट बरेच जण सुचवतात. चक स्पिंडलवर आट्यांनी बसवलेलं असेल तर तो अजिबात करू नका. उलट फिरताना चक सुटून येऊ शकतं. बोल्टने बसवलेल्या चकला ही भीती नाही.

माझ्या मशीनवर आता मागच्या पोस्टमध्ये १.६ मिमीचं पातं कायम असतं आणि पुढे एमजीईएचआर. पितळी नटांना मागचं, ईएन८च्या बुशना पुढचं. इन्सर्ट सहसा दहाच्या डबीत येतात, आणि स्टीलसाठी घेतलेली डबी अॅल्युमिनियमला योग्य नसते. अॅल्युमिनियमला धारदार, पॉलिश केलेली, बिनकोटिंगची वेगळी असतात, तीही फार लागत नसतील तर तिथे एचएसएसच बरं. मागवताना डबीवरचा २०० आणि होल्डरवरचा २ जुळतोय ना ते बघा. २ मिमीच्या होल्डरमध्ये ३०० नंबरचं इन्सर्ट बसत नाही.